बारा व्होल्टचा फ्रिज आणि बाबांचं तळं

बाबा मालगाडीचे गार्ड होते. गाडीचा सगळ्यात शेवटचा डबा असतो ना, ब्रेकव्हॅन म्हणतात तो, त्यात लोखंडी पेटी, दोन झेंड्या आणि एक कंदील घेऊन एकटाच बसणारा माणूस, तो गार्ड. इंजिन पुढे कुठेतरी, दिसणारसुद्धा नाही इतकं लांब. डब्यात पंखा नाही, दिवा नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबांनी काहीतरी आगळीक केली असणार, म्हणून रेल्वेने त्यांना सगळ्यांच्या मागे बसवलंय.

रायपूरहून निघालं की डोंगरगढच्या पुढे जंगल लागतं. तिथल्या एका लहान स्टेशनावर बाबांची गाडी हमखास बाजूला काढायचे, मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायला. गाडी लांबलचक, तिचं तोंड सिग्नलपाशी. त्यामुळे शेपूट, म्हणजे बाबा, दर खेपेला एकाच जागी यायचे. स्टेशन संपून गेलेलं आणि समोर एक तळं. तळ्याच्या काठाला मोहाची झाडं, आणि कुणीतरी धुणं धुण्यासाठी मांडून ठेवलेले दोन-तीन सपाट दगड. चैत्रात मोहाची फुलं गळायला लागली की तो गोड, जरा डोक्यात चढणारा वास डब्यापर्यंत यायचा. म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या असायच्या. बाबा खाली उतरायचे, पण रुळांकडेच्या खडीवर, गिट्टीवरच. तळं हाकेच्या अंतरावर. पण सिग्नल कधी पडेल याचा नेम नाही, आणि सिग्नल पडला की गार्डने हिरवी झेंडी दाखवायलाच हवी.

"गार्डनं गाडी सोडली काय अन् गाडीनं गार्डले सोडलं काय, चार्जशीट एकालेच भेटते," बाबा म्हणायचे.

अशी त्यांची सगळी नोकरी त्या तळ्यासमोर थांबण्यात गेली आणि पाण्याला पाय काही लागला नाही. रिटायर झाल्यावर, आई गेल्यावर, एकदा जेवताना ते म्हणाले, "त्या दगडावर बसून पाण्यात पाय सोडाचे हायेत एकदा. घाई नको कोणाची. रात्रभर राहाचं तिथंच. बस."

बाबांनी आयुष्यात मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. मी ती इतकी मनावर घेतली की त्यातच सगळा घोटाळा झाला.

अडचण बाबांच्या साखरेची होती. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. औषध थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. एकदा एका लग्नाला थर्मासमध्ये बर्फ भरून औषध नेलं होतं. परत येईपर्यंत बर्फाचं पाणी आणि औषधाचं काय झालं ते कोणालाच कळेना, म्हणून सगळंच टाकून दिलं. तेव्हापासून बाबांचा प्रवास म्हणजे घर ते जवळच्या बूढ़ा तालाबाची फेरी, आणि परत. पुन्हा हॉटेलात त्यांना झोप येत नाही, परक्या संडासात जमत नाही. तर ह्यावर माझ्या डोक्यात तोडगा आला तो असा, की घरच चाकांवर ठेवायचं.

त्या दिवसांत रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगढची राजधानी झालेलं. इतके दिवस भोपाळला हेलपाटे घालणारी आम्ही माणसं. एकदम मंत्री, सचिव, लाल दिव्याच्या गाड्या आमच्याच रस्त्यावरून जायला लागल्या. रस्ते रुंद होत होते, चौकाचौकात कारंजी बसत होती. त्या हवेत माझ्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसालाही वाटू लागलं होतं की आपण काहीही करू शकतो. मी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. भनपुरीत ट्रकच्या बॉड्या बांधतात तिथे तिला नेऊन उभी केली आणि कारखानदाराला म्हटलं, यात एक पलंग, एक ओटा, एक लहानसा संडास आणि फ्रिज.

त्याने बसभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "भैया, घर में झगड़ा हुआ है क्या?"

गाडीचं बाकीचं काम त्याने भराभर केलं. अडलं ते फ्रिजपाशी. त्याचं कारण मी. मला एखादी वस्तू घ्यायची म्हणजे तिच्याविषयी सगळं कळल्याशिवाय घ्यायची नाही, आणि सगळं कधीच कळत नाही. बायको भंडाऱ्याची. ती म्हणाली, "मले पाहाले आले होते तेव्हा चहा थंड व्हायच्या आधी हो म्हटलं तुमी. फ्रिजले काहून एवढं?"

"तुला बॅटरीवर चालवायचं नव्हतं," मी म्हणालो. ह्यावर दोन दिवस डब्यात फक्त कारल्याची भाजी आली.

आधी मी सरळ विचार केला: घरातला असतो तसा एका दाराचा छोटा फ्रिज, त्याला इन्व्हर्टर, त्याला बॅटरी. गाडी बूढ़ापाऱ्याच्या आमच्या गल्लीत शिरत नव्हती, म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभी. तिथेच परीक्षा घेतली. फ्रिज लावला. सुरू होताना घरच्या फ्रिजला विजेचा एकदम मोठा झटका लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. इन्व्हर्टर तान्ह्या पोरासारखा ओरडला आणि गप्प झाला. गल्लीतली माणसं गोळा झाली. एक जण म्हणाला, "फ्रिज था कि मिक्सर?"

मग ऑफिसातल्या एकाने त्याची गाडीतली थंडीची पेटी वापरायला दिली. सिगारेट पेटवायच्या भोकात वायर खुपसली की चालते. हलकी, आवाज नाही, मी खूश. मे महिन्यात दुपारभर तिच्यात पाण्याची बाटली ठेवली. संध्याकाळी बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "चहापत्ती टाकून दे." नंतर समजलं की ती पेटी बाहेरच्यापेक्षा काही अंश थंड करते, एवढंच. बाहेर रायपूरचा मे असेल तर बिचारी तिच्या परीने करतच होती.

गॅसवर चालणारेही फ्रिज असतात असं कुठेतरी वाचलं. आत ज्योत पेटते आणि त्या ज्योतीने थंडी तयार होते. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपण झोपलो असताना उशापाशी सिलेंडर अन् जळती बत्ती?" तो विषय तिथेच विझला.

शेवटी ठरला तो बारा व्होल्टचा, खास गाडीत ठेवायचा. उभ्या दाराचा नाही, पेटीसारखा वरून झाकण उघडायचा. झाकण उघडलं तरी गार हवा तळाशीच बसून राहते, सांडत नाही. बॅटरीवर थेट चालतो, सुरू होताना झटका मारत नाही. रायपुरात मिळेना. दुकानदार म्हणे, इथे कोण घेतो साहेब, इथे लाइट जातच नाही. शेवटी दिल्लीहून मागवला. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातून तो घेऊन आलो तेव्हा मुलगी त्याच्या खोक्यावर चढून बसली होती. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "पापा, ये तो आबा की लाइन वाली पेटी जैसा है," ती म्हणाली.

खरंच होतं. बाबांच्या गार्डच्या पेटीसारखाच, फक्त ती काळी आणि हा पांढरा. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं.

आता दुकानदाराचं ते वाक्य. लाइट जात नाही, ही आमच्या नव्या राज्याची मोठी फुशारकी होती. कोळसा आमचा, पाणी आमचं, वीज उरून इतरांना विकायची. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्ट्या दिवसरात्र धडधडत, तरी आमच्या घरातला बल्ब लुकलुकत नसे. आणि तिकडे विदर्भात भारनियमन. भंडाऱ्याचा माझा साळा, बँकेत नोकरीला, फोनवर पहिल्यांदा विचारायचा ते, "लाइट आहे का भाऊजी तुमच्याकडं?" मी मुद्दाम म्हणायचो, "लाइट? ती कुठे जाते?" मग तो माझ्या राजधानीला दोन शिव्या घालायचा. पण त्यामुळे झालं असं, की त्याला बॅटरीविषयी सगळं ठाऊक आणि मला काहीच नाही. आमच्या घरात मेणबत्तीसुद्धा नव्हती. वाढदिवसाच्या असत त्या.

मी त्याला फोन करून गाडीचं सगळं सांगितलं. गाडी चालत असताना इंजिनावर बॅटरी भरणार. उभी असताना टपावरच्या सोलर पॅनेलवर. आणि कुठे प्लग मिळाला तर लांब वायर होतीच.

"बॅटऱ्या दोन घ्या," तो म्हणाला. "अन् कट-ऑफ बसवा. बॅटरी एका हद्दीखाली उतरली की तो फ्रिज आपोआप बंद करते. नाही तर बॅटरी मरते भाऊजी, मग तिच्या तोंडात पाणी घालून काही होत नाही."

दुसरी बॅटरी ठेवायला एकच जागा होती, बाबांच्या पलंगाखाली. तिथे त्यांची लोखंडी पेटी ठेवायची असं मी ठरवलं होतं, म्हणून बॅटरी एकच घेतली. आणि कट-ऑफ? तो कशाला? एक काट्याचं मीटर लावू. काटा बाराच्या खाली गेला की हाताने बटण बंद. मशीन काय बघणार, बाबा आहेत की.

हे मला सुचलं तेव्हा माझे मलाच डोळे भरून आले होते. बाबा रिटायर झाल्यापासून खुर्चीत बसून असत. भाजी निवडून देऊ का विचारत. मला वाटलं, त्यांना काहीतरी काम हवं. जुन्या बाजारात हिंडून मी एक गोल, पितळी कडीचं मीटर शोधून काढलं. ब्रेकव्हॅनमध्ये गार्डच्या समोर ब्रेकचा दाब दाखवणारं घड्याळासारखं गेज असतं, अगदी तसं. बाबांच्या सीटसमोर, त्यांच्या नजरेच्या उंचीला ते बसवून घेतलं. बाराच्या आकड्यापाशी लाल रेघ ओढली. मग बाबांना गाडीत नेलं.

बाबांनी गाडी पाहिली. पलंगावर हात फिरवला. मग ते मीटरसमोर बसले आणि काट्याकडे पाहत राहिले.

"हे तुमच्याकडं, बाबा," मी म्हणालो. "लाल रेघेखाली गेलं की फ्रिजचं बटण बंद करायचं. तुमची ड्युटी."

"हव," बाबा म्हणाले. छत्तीसगढीतला हा होकार त्यांच्या तोंडी कायम असे. पण एरवी ते त्याला काहीतरी पुस्ती जोडत. त्या दिवशी नुसतंच हव. मला ते समाधान वाटलं.

चैत्रातच निघालो, मोहाची फुलं गळण्याच्या दिवसांत. बेत असा: पहिली रात्र तळ्याकाठी, दुसऱ्या दिवशी भंडारा. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरातून वायर ओढून फ्रिज गार करत ठेवला. वायर शेजाऱ्यांच्या दोन गॅलऱ्यांवरून नेली. त्यातल्या एका काकूंनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले. इन्सुलिनच्या दोन कुप्या एका डब्यात घालून मी फ्रिजच्या मधोमध ठेवल्या. फ्रिज इतका मोकळा दिसत होता की बायकोला राहवलं नाही. आमच्या माणसांना भंडाऱ्याला जायचं म्हणजे हात हलवत जाता येत नाही. भावाच्या घरासाठी दह्याचं भांडं, श्रीखंड, वाटलेली मिरची, भिजवलेली कणीक, आणि रस्त्यासाठी गरम गरम वरण, तेही झाकण ठेवून आत. मग टॉवेलवाल्या काकूंनी भंडाऱ्याच्या बहिणीसाठी खव्याची पिशवी दिली.

"वरण निवू तर दे," मी म्हटलं.

"निवाले तर ठेवलं," ती म्हणाली.

मी झाकण लावलं. फ्रिज घुरघुर करत कामाला लागला.

राजनांदगावपर्यंत बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते. रेल्वे लाइन रस्त्याजवळ आली की सिग्नल वाचायचे. "लाल. कोणाची तरी मालगाडी उभी असन." मुलगी दर थोड्या वेळाने फ्रिज उघडून थंड पाणी काढत होती, कारण चालत्या गाडीत थंड पाणी निघतं याचीच तिला गंमत. डोंगरगढच्या पुढे डांबर संपलं, कच्चा रस्ता लागला, आणि दुपारनंतर, उन्हं कलायच्या बऱ्याच आधी, आम्ही तळ्यापाशी पोचलो. रुळांच्या समोरच्या काठाला, गावाच्या बाजूने.

तळं होतं. म्हशीही होत्या. दगड होते, बाबांनी सांगितलेल्या जागी नाही, थोडे डावीकडे. पण बाबा इतकी वर्षं पलीकडून पाहत होते, तेव्हा त्यांचं डावं-उजवं उलट असणारच. मोहाखाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता आणि दोन बाया टोपल्यात ती वेचत होत्या. मी गाडी मोहाच्या सावलीत लावली. किती छान सावली, असं मोठ्याने म्हणालोही. टपावरच्या सोलर पॅनेललाही तीच सावली लागणार, हे माझ्या राजधानीतल्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

मुलगी आणि बायको उतरल्या. मी उतरलो. बाबांच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

"काटा उतरून राहिला," बाबा म्हणाले.

मी आत डोकावून पाहिलं. काटा लाल रेघेच्या जरा वर. फ्रिज मात्र थांबायचं नाव घेत नव्हता. गरम वरण, उघडझाप, बाहेरचं ऊन.

"राहू द्या बाबा. चला."

"तू हो पुढं. मी पाहतो."

मुलगी पाण्यात पाय बुडवून ओरडली, "आबा, आओ ना, मछली काट रही है!" बाबांनी खिडकीतून तिला हात केला. मी पॅनेलच्या सावलीचं कोडं सोडवायला गाडी उन्हात घेतली. पण तोवर ऊन कललेलं, तिरपं. काटा हलला नाही. आत गाडी तापली आणि फ्रिज आणखीच जोरात चालू लागला. मग मला सुचलं, इंजिन चालू ठेवू. इंजिन चालू केलं. काटा वर चढला. मी मोठ्या हुशारीने म्हणालो, "झालं. आता चला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिन चालू हाय," ते म्हणाले, "अन् मी कसा उतरू?"

मी हसलो. बायकोही हसली. बाबा हसले नाहीत. ते थट्टा करत नव्हते. ज्याची सगळी नोकरी इंजिनाच्या भरवशावर गेली, त्याचे पाय चालू इंजिनाच्या गाडीतून खाली उतरतच नव्हते. मी इंजिन बंद केलं. काटा पुन्हा उतरायला लागला. बाबा पुन्हा काट्याकडे पाहायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या काठाला मालगाडी येऊन थांबली. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, एकामागून एक सरकत गेल्या आणि अगदी शेवटी, आमच्या बरोबर समोर, ब्रेकव्हॅन. तिच्यातून एक तरुण गार्ड गिट्टीवर उतरला, कमरेवर हात ठेवून तळ्याकडे पाहत उभा राहिला. त्याला आमची ती विचित्र गाडी दिसली असणार. त्याने हात वर केला. बाबांनी खिडकीतून हात वर केला, बाजूला नेला आणि खाली आणला, झेंडी दाखवतात तसा.

"नवा पोट्टा हाय," ते म्हणाले.

मग मागून एक्स्प्रेस धडधडत गेली. मालगाडीला झटका बसला. तो पोट्टा चढला आणि निघून गेला. दोघं गार्ड, तळ्याच्या दोन काठांना. पाण्यापर्यंत एकही गेला नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण दिसून काही समजलं नाही. मी मीटर बघत होतो.

उन्हं उतरायला लागली तेव्हा काटा लाल रेघेवर आला. संध्याकाळची सुई अजून बाकी होती, आणि सकाळची. बटण बंद केलं तर औषध जाणार, चालू ठेवलं तर बॅटरी जाणार, असं आमचं सगळ्यांचं एकमत झालं. मी म्हणालो, रात्रभर मधून मधून इंजिन चालवू. बाबा म्हणाले, "कोण झोपन मग? पोट्टीले गर्मीत काहून बसवतं?" थोड्या वेळाने तेच म्हणाले, "चाल. रस्त्यात पेट्रोल पंप पाह्यला मी. तिथं प्लग असन."

"बाबा, तळं..."

"पाह्यलं ना," ते म्हणाले.

दोन मोहाची फुलं मुलीने त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी मुठीत धरून ठेवली. आम्ही पेट्रोल पंपावर, ट्रकांच्या रांगेत, वायर लावून रात्र काढली. फ्रिज उत्तम चालला. इतका गार, की दह्याच्या काठाला बर्फ धरला होता; मधोमध ठेवलेल्या कुप्या तेवढ्या बचावल्या.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला पोचलो तेव्हा साळ्याकडे लाइट नव्हती. दुपारची पाळी. त्याने आम्हाला बसवलं, हातपंखे दिले आणि त्याच्या बंद फ्रिजमधून थंडगार ताक काढून दिलं. मी पेला हातात घेऊन विचारलं, "लाइट कधी गेली?"

"सकाळीच. संध्याकाळी येते."

"आणि ताक थंड?"

"उघडत नाही ना आम्ही. झाकून ठेवलं की राहते दिवसभर." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "काहून?"

मी त्याला सगळं सांगितलं. काटा, सावली, इंजिन, पेट्रोल पंप. तो इतका हसला की त्याची बायको आतून बाहेर आली. "अहो भाऊजी, बंद करून द्यायचा होता! झाकण लावून बसायचं बाहेर आरामात. रात्रभर काही होत नाही औषधाले. आमच्याकडं रोज मरते अन् रोज जिता होते फ्रिज." मग बहिणीकडे वळून, "यांच्या राजधानीत बटण खाली करता येते हेच माहीत नाही यांना."

सगळे हसले. बाबाही हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. मला तेच जमतं.

परतताना पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं होतं. पण भंडाऱ्यातच ऑफिसचा फोन आला, दिल्लीहून कोणी येणार म्हणून, आणि आम्ही सरळ मोठ्या रस्त्याने परत आलो. पुढच्या चैत्रात जाऊ, असं बाबांना म्हणालो. बाबा म्हणाले, "हव."

पुढच्या चैत्राआधी त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने घासलं. एवढंच. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. साखरेच्या माणसाला ते महिनोन्‌महिने पुरतं. अंगठा वाचला, पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं: अनवाणी चालायचं नाही, पाय कोरडे ठेवायचे, आणि तळं, नदी, डबकं, कसल्याही साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. कधीच नाही. हे सांगताना डॉक्टर कागदावर काही लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यांना काय ठाऊक. बाबा त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "पाण्यात कोण चाललं?"

तेव्हापासून ते घरातही मोजे घालतात. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून राहून गंजायला लागली. मग एका केटरिंगवाल्याला देऊन टाकली. फ्रिज तेवढा काढून घेतला. तो आता बाबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी असतो. भिंतीतल्या विजेवर चालतो, त्यासाठी ती बारा व्होल्टवर उतरवणारी एक डबी लावावी लागते. त्यात फक्त औषध असतं. बायको आता त्यात वरण ठेवत नाही.

ह्याच वर्षी एक दिवस दुपारी वादळ झालं. बूढ़ापाऱ्यात झाड पडून खांब वाकला आणि लाइट गेली. माझ्या आठवणीत इतका वेळ गेलेली ही पहिलीच. मी ऑफिसातून लवकर आलो होतो. धावतच बाबांच्या खोलीत गेलो आणि फ्रिजच्या झाकणाला हात घातला.

"उघडू नको," बाबा म्हणाले. ते पलंगावर बसलेले, मोजे घातलेले पाय स्टुलावर. "राहते थंड. साळ्यानं सांगितलं होतं ना तुया."

मी हात काढला. खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता. पंखा नाही, टीव्ही नाही, फ्रिजची घुरघुर नाही. इतक्या शांततेत मला इतक्या वर्षांचं विचारावंसं वाटलं.

"बाबा, त्या दिवशी. काटा थोडा खाली गेला असता तर काय बिघडत होतं? बॅटरीच गेली असती ना. तुम्ही उतरायचं होतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. मला वाटतं, थोडं नवल होतं.

"ड्युटी देल्ली होती ना तू," ते म्हणाले.

मी झाकणावरची धूळ पुसली, ती नव्हतीच. मी त्यांना सुट्टीवर नेलं होतं आणि निघण्याआधीच कामावर लावलं होतं, पितळी कडीचं गेज शोधून आणून, डोळ्यात पाणी आणून. नुसतं बसू द्यायचं होतं त्यांना.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तो काटा कुठं हाय?"

"गाडीबरोबर गेला. केटरिंगवाल्याकडं."

"बरं झालं," बाबा म्हणाले. त्यांनी स्टुलावरचे पाय जरा आणखी पुढे सोडले आणि डोळे मिटले. लाइट दिवेलागणीला आली.